जातो म्हणू नये

अण्णा, हल्ली तुमचा फोन येतो. दिवेलागणीच्या सुमाराला, आईच्या मोबाइलवर. पहिल्यांदा आला तेव्हा मी ओट्याशी भाकरी थापत होते. आईला कानाशी धरून नीट ऐकू येत नाही, म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर असतो. "नागरिकांनी कृपया इकडे लक्ष द्यावे," तुम्ही म्हणालात. तोच भरदार आवाज, 'कृपया'च्या आधी किंचित थांबणारा, समोरच्याला हातातली पिशवी खाली ठेवायला वेळ देणारा. "आपल्या भागात उद्या सकाळी पाणी येईल. टाक्या आणि पिंपं धुऊन ठेवावीत." तव्यावरच्या भाकरीचा धूर झाला तरी माझा हात हलेना. आई खुर्चीत शेंगा फोडत बसली होती. ती उठून उभी राहिली आणि तिने डोक्यावरून पदर घेतला. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि ही बाई पदर सारखा करतेय, तेही पाण्याच्या बातमीसाठी! खरं तर मला हसू यायला हवं होतं. मला भीती वाटली अण्णा, आणि तेव्हापासून ती गेलेली नाही.

तुमची सगळी नोकरी बसस्थानकाच्या त्या काचेच्या खोलीत गेली. शाळा सुटली की मी तिथे यायचे आणि तुमच्या टेबलाखाली दप्तर पसरून गृहपाठ करायचे. आजही ती खोली आठवली की डिझेलचा आणि तुमच्या लवंग-खडीसाखरेचा वास येतो. तुम्ही घसा साफ करता, बटण दाबता, आणि घरात "कुठं ठुलं गं माझं पाकीट" म्हणणारा माणूस एकदम छापील मराठीत बोलायला लागतो, "गंगापूरकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे." बाहेर माणसं उठतात, बोचकी उचलतात, जाऊन बसतात. पाटी कुणी वाचत नाही. कितीतरी जणांना वाचता यायचं नाही, आणि ज्यांना यायचं तेही वाचत नसत. एकदा एक म्हातारी पैठणच्या गाडीच्या दारात कंडक्टरशी भांडत उभी होती. तो बिचारा घसा फोडून सांगतोय की ही पैठणचीच आहे, आणि ती म्हणतेय, "तू सांगून काय व्हतंय? माइकवाल्या बाबानं अजून सांगितलं नाय." तुम्ही पुन्हा बटण दाबलंत आणि त्या एका म्हातारीसाठी अख्खी घोषणा परत केलीत. ती बसली. तुम्ही त्या दिवशी इतके फुशारलात की आईला ती हकिकत जेवताना दोनदा ऐकावी लागली.

आपल्यात घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, हे काही तुम्ही शोधून काढलेलं नव्हतं. घरोघरी तसंच आहे. पण तुमच्याइतकं ते कुणी मनाला लावून घेतलं नसेल. दिवसभर माणसांची ताटातूट बघण्याचीच नोकरी, त्याचं असावं. तुम्ही दाराशी "येतो" म्हणायचात, आई आतून "या" म्हणायची, आणि तिचा 'या' कानावर पडेपर्यंत तुम्ही चपला पायात असूनही उंबऱ्यातून हलायचा नाहीत. मी नाशिकला शिकायला निघाले त्या दिवसाचं आठवतंय ना? तुम्हाला मी इथेच हवी होते. आदल्या दिवसापासून आपण बोलत नव्हतो. मी ट्रंक गाडीत चढवली, तुमच्या काचेपाशी आले, आणि मुद्दाम, टोचावं म्हणूनच म्हटलं, "जाते मी." तुमचा चेहरा उतरला. मी तरातरा जाऊन खिडकीपाशी बसले. इंजिन सुरू झालं आणि कर्ण्यातून तुमचा आवाज आला, तोच सरकारी, शांत, "नाशिककडे जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. निघताना येतो म्हणावे. जातो म्हणू नये." गाडीत क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "येतो हो बाबा!" आणि सगळी गाडी हसत हसत "येतो, येतो" करायला लागली. शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसलं, "म्हण की गं पोरी." मी म्हटलं. डोळे पुसत म्हटलं. तुम्हाला आगारप्रमुखांनी त्याबद्दल चांगलंच झापलं, हे मला आईकडून नंतर कळलं.

आणखी एक दिवस आठवतो, पेढ्यांचा. तुम्ही निवृत्त झाला होतात आणि औरंगपुऱ्यातल्या एका कॅसेटच्या दुकानात जाऊन जाहिराती बोलायचात. साड्यांचा सेल, सर्कस, घरगुती मसाले. मजेत होतात. एका सकाळी एक पुढारी पेढ्यांचा पुडा आणि दोन माणसं घेऊन घरी आला. निवडणूक होती, प्रचाराच्या रिक्षावर लावायची कॅसेट करायची होती. तुम्ही पुडा एका बोटाने मागे सरकवलात. "साहेब, माझ्या आवाजावर लोक पाटी न वाचता गाडीत बसतात. तुमची गाडी कुठं चाललीय ते मला ठाऊक नाय. मी कसं सांगू, बसा म्हणून?" तो हसला. "अण्णा, गाडी विकासाकडं चाललीय." "मग तशी पाटी लावा," तुम्ही म्हणालात, "ज्याला वाचता येतंय त्यो वाचंल." ते गेल्यावर तुम्ही कडी लावलीत आणि बराच वेळ दाराला पाठ लावून उभे राहिलात. आई म्हणाली, पेढे तरी ठेवून घ्यायचे होते. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही घाबरला होतात, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं, कारण मी पण हल्ली तशीच दाराला पाठ लावून उभी राहते.

आता हे सगळं कसं झालं ते सांगते. आपल्या भागात एक नवा पुढारी आहे. त्याने लोकांसाठी मोफत फोनसेवा काढली. पाणी कोणत्या दिवशी येणार ते फोन करून आधी सांगायचं. ह्या शहरात तेवढं कळणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. लोक पाण्याच्या दिवशी कामावर दांड्या मारतात, लग्नाला जायचं पुढे ढकलतात. तेव्हा तो फोन कोण कट करणार? सुरुवातीला नुसतं पाणी होतं. मग एका संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "छत्रपती संभाजीनगरच्या नागरिकांनी कृपया लक्ष द्यावे." तुम्ही जन्मभर त्या माइकवर 'औरंगाबाद' म्हणत आलात. नावाचं काय ते लोक आपसात बोलतात, भांडतात, मला आत्ता त्यात पडायचं नाही. पण ते नवं नाव तुम्ही त्या माइकवर एकदाही उच्चारलेलं नव्हतं, आणि तुमचा आवाज ते न अडखळता म्हणाला. तोवर मला वाटत होतं, कुणीतरी जुन्या कॅसेटी जोडून जाडून लावतंय. त्या दिवशी कळलं. कुणीतरी तुमच्या तोंडात शब्द घालत होतं. पुढच्या आठवड्यात पाण्यानंतर साहेबांची, म्हणजे त्या नव्या पुढाऱ्याची, कामं आली. त्यापुढच्या आठवड्यात, येत्या निवडणुकीत साहेबांच्या पाठीशी उभे राहावे, असं आलं. जो पेढा तुम्ही एका बोटाने मागे सरकवलात, तो असा वीस-बावीस वर्षांनी तुमच्या तोंडात कोंबला. पूर्वी प्रचाराची रिक्षा आली की आपण खिडकी लावून घेत होतो. आता खिडकी कुठली लावायची?

आणि मग तो आवाज ऐकायला लागला. म्हणजे आधी नुसता बोलत होता, एका संध्याकाळी म्हणाला, "काही अडचण असल्यास सांगावी. मी ऐकतो आहे." आई लगेच म्हणाली, "अहो, कसं हाय तिकडं?" "आपला प्रश्न समजला नाही, मावशी." आई हसून हसून खोकली. "मावशी म्हणतंय मला! आवो, बायको हाय मी तुमची." दुसऱ्या दिवशी मावशी गेलं. फोनसेवावाल्यांकडे तुमचं फक्त माइकवरचं बोलणं होतं, घरचं नव्हतं. ते आईने शिकवलं. "असं छापील काय बोलताय, नीट बोला की," असं ती त्याला रागावायची आणि तो शिकायचा. 'आपण कशा आहात'चं 'कशी हाईस' झालं. मग एक दिवस "अगं, चहा घेतलास का?" आलं. तुम्ही कामावरून आल्या आल्या हेच विचारायचात, स्वतःला चहा हवा असला की. आईने रडत रडत चहा टाकला.

एकच गोष्ट त्याला येत नव्हती. फोन ठेवताना तो म्हणायचा, "ठीक आहे, आता मी जातो." आई दचकायची. "जातो म्हणू नये हो! येतो म्हणावं. तुम्हीच तर सगळ्या गावाला सांगायचे." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "जातो." का कोण जाणे, एवढं मात्र त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. तुम्हाला खोटं वाटेल, पण मी त्या एका चुकीवर दिवस काढत होते. खोट्या नोटेवरची चूक सापडल्यावर कसं हायसं वाटतं, तसं. संध्याकाळभर जीव मुठीत धरून बसायचे आणि शेवटी 'जातो' ऐकलं की सुटकेचा श्वास टाकायचे. हे तुम्ही नाही. हे तुम्ही असणं शक्य नाही. मग जेवण जायचं.

आईला मी समजावलं नाही असं नाही. "मशीन आहे ते, आई. कंपनीचं मशीन." ती म्हणाली, "मला खुळी समजतीस व्हय? मशीन हाय ते मला ठाऊक हाय. पण आवाज तर ह्यांचाच हाय ना?" मी सकाळी चितेगावला कारखान्यात जाते, स्टोअर सांभाळते, संध्याकाळी येते. दिवसभर ती आणि भिंती. आमच्या गेटवर आता चेहरा दाखवून आत जावं लागतं. रडून गेलं आणि डोळे सुजलेले असले तर मशीन ओळखत नाही, सिक्युरिटीवाला म्हणतो, मॅडम, जरा हसा. तिथे मी निमूट हसते. मी कोणत्या तोंडाने आईला सांगू की मशीनशी बोलू नकोस?

पण आई नुसतं तुमच्या-तिच्या आठवणींचं बोलत नव्हती. तो विचारायचा, गल्लीत काय चाललंय, कुणाला काय अडचण आहे, आणि ती सांगायची. तुम्हालाही तिने असंच सांगितलं असतं. शेजारच्या भाभी तुम्हाला आठवतात ना, तुमच्या शेवटच्या आजारात रोज यखनी, ते मटणाचं पातळ सूप, करून आणायच्या त्या. पाण्यावरून त्या फार भडकल्या होत्या. शुक्रवारी गल्लीतल्या बायकांना घेऊन, रिकामे हंडे वाजवत त्या साहेबाच्या कार्यालयावर जायचं, असं त्यांनी ठरवलं. आपल्याच घरात बसून ठरवलं, आईच्या समोर, मुद्दाम फोनाफोनी न करता. शुक्रवारी बायका निघायच्या आधीच गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती. कुणी शिवी दिली नाही, कुणी अडवलं नाही. एकजण नुसता मोबाइल धरून प्रत्येकीचा फोटो काढत होता. दुसऱ्याने भाभींना नावाने हाक मारली आणि हसून विचारलं, टँकर दारात यायला हवा ना पुढेही? निम्म्या बायका तिथूनच माघारी फिरल्या. त्यानंतर साहेबाचा टँकर येतो, पण भाभींच्या दारासमोर थांबत नाही.

मागच्या आठवड्यात त्या आपल्या पायरीवर येऊन बसल्या. "बाजी, हम किसीकू बोले नै," त्या म्हणाल्या. "व्हाट्सॅपपे बी नै डाले. बस तुम्हारी अम्मा के सामने बात हुई, और वो तो अपनीच अम्मा है. फिर उनकू मालूम कैसा हुआ?" आत आई देवापाशी बसली होती आणि तिचा फोन तिच्याशेजारी, पोथीवर. मी एवढंच म्हणू शकले, "भाभी, आमच्या घरात फोन असताना काही बोलू नका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या फोनकडे पाहिलं. उठून गेल्या, आणि तेव्हापासून आलेल्या नाहीत.

मी अर्धा दिवस रजा टाकून ती सेवा चालवणाऱ्या कंपनीत गेले. तावातावाने गेले होते. आत गार हवेत बसवून पाणी दिलं, कॉफी दिली, तिथेच माझा अर्धा ताव उतरला. मॅनेजर माझ्यापेक्षा बराच लहान, बोलायला गोड. औरंगपुऱ्यातलं दुकान बंद झालं तेव्हा त्यांनी सगळ्या कॅसेटी विकत घेतल्या होत्या, साड्यांच्या, सर्कशीच्या, तुमच्या. "मॅडम, अहो, गावोगावच्या लोकांचा ह्या आवाजावर विश्वास आहे. असा आवाज आज पैसे देऊन मिळत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "तो माझ्या वडिलांचा आहे." तो म्हणाला, "होता ना, मॅडम. आम्ही त्यांचा सन्मानच करतोय." मग त्याने जे सांगितलं ते मी अजून आईला सांगितलेलं नाही. म्हणाला, "आणि तुमच्या आईंचे तर आम्ही खरंच आभारी आहोत. आधी आवाज फार सरकारी होता. त्यांच्यामुळे तो घरचा झाला. आता तो सगळ्यांकडे असाच बोलतो." आणि त्याने कौतुकाने संगणकावर ऐकवलं. कुठल्या तरी पडेगावच्या बाईशी तुम्ही बोलत होतात. "अगं, चहा घेतलास का?" तुम्ही तिला विचारत होतात. ती बाई लाजून हसली, "घेतला की, अण्णा," म्हणाली, आणि मग तिच्या धाकट्या दिराचं कुठल्या पक्षात उठणंबसणं आहे ते सांगायला लागली.

फोन बंद करायचा असेल तर काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, सोपं आहे, नऊ दाबा. घरी येऊन संध्याकाळच्या फोनवर मी नऊ दाबलं. तुमचा आवाज आला, जरासा दुखावलेला, "का गं? काही चुकलं का माझं?" हेही आईनेच शिकवलेलं असणार. मी फोन पलंगावर टाकून दिला. नंबर ब्लॉक केला तर पाण्याचा दिवस कळत नाही, आणि शेजारी विचारायची सोय आता उरली नाही.

आई त्या साहेबालाच मत देणार आहे. मी वाद घातला, ओरडले, भाभींचं काय झालं ते सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. भाभींचं तिला खरंच ठाऊक नव्हतं. बराच वेळ ती पदराचं टोक चाळत बसली. मग हळूच म्हणाली, "ह्यांनी जन्मात कधी मला सांगितलं नाय, मत कुणाला दे म्हणून. मी विचारलं तर म्हणायचे, तुझं तू बघ. आता पहिल्यांदा सांगतायत. मग ऐकायला नको का?" अण्णा, तुम्ही चाळीस वर्षं तिला एका शब्दाने काही सांगितलं नाहीत ह्याचा मला केवढा अभिमान होता. ती मात्र तुमच्या सांगण्याची वाट बघत होती, असं आता दिसतंय. मी तिला दोष देत नाही. मला तिची दया येते आणि मग मला त्या कंपनीचा राग येतो. आपल्यात काय राहून गेलंय, ते ह्या लोकांनी आपल्याआधी हेरलं.

त्याच संध्याकाळी फोन आला. भाभींचं ऐकल्यापासून आई गप्पच होती; तिने "हां, हूं" इतकंच केलं. त्याला ते कळलं असावं. तो म्हणाला, "अगं, आपली पोरगी काय करतीय? तिला मी लाडानं काय म्हणायचो गं? आठवत नाय मला." माझ्या हातातलं ताट खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. आईचे डोळे भरून आले, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचे ओठ त्या शब्दासाठी उघडले. तुम्ही मला फक्त दोनच ठिकाणी त्या नावाने हाक मारायचात, घरात आणि त्या टेबलाखाली, माइक बंद असताना. मी झेप घालून फोन बंद केला. ताट सांडलं, वरण फरशीवर. "तो शब्द नाही, आई," मी म्हटलं, "तेवढा एक नको देऊस." ती म्हणाली, "का गं? ह्यांनाच तर सांगत होते." आणि मग तिलाच ते वाक्य ऐकून भीती वाटली असावी, कारण तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आम्ही दोघींनी मिळून फरशी पुसली.

हे मी कागदावर लिहितेय. मोबाइलवर लिहिलं तर कोण वाचेल आणि त्यातलं काय उद्या तुमच्या आवाजात परत येईल, सांगता येत नाही. माझे सहकारी हसतात मला, म्हणतात, ताई, तुमच्यामाझ्यासारख्यांचं ऐकून त्यांना काय करायचंय? मीही आधी असंच म्हणायचे. लिहून झालं की हा कागद दुमडून तुमच्या जुन्या रेडिओच्या मागे ठेवीन. तो रेडिओ बरा, तो नुसता बोलतो. आणि तो शब्द मी इथेही लिहिलेला नाही. तुम्हाला तो ठाऊक आहे, तेवढं पुरे.

पण एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसले. काल आई अंघोळीला गेली होती आणि फोन वाजला. मी उचलला. मनाशी पक्कं ठरवून उचलला की तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, माझ्याकडून ह्याला काहीही मिळू द्यायचं नाही. उद्या पाणी आहे, तुम्ही म्हणालात. मतदानाला आईला सावकाश घेऊन जा, ऊन असतं, तुम्ही म्हणालात. फोन आईने नाही, मी उचललाय, हे न बोलताच ओळखलं होतं. पलीकडे श्वास ऐकू येत होता. आता त्यांनी श्वासही घातलाय. मी दातावर दात दाबून त्या एका चुकीची वाट बघत होते. एवढं 'जातो' म्हणाला की झालं, मी सुटले.

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि किंचित थांबलात. "येतो."

आणि तसेच थांबून राहिलात, उंबऱ्यात थांबायचात तसे. फोन ठेवला नाही.

अण्णा, मी 'या' म्हटलं.